घरचा उरलेला आवाज

भिलाईतल्या आमच्या शाळेच्या दुसरीच्या वर्गात हल्ली फार शांतता असते. नव्या बाई चांगल्या आहेत, मी काही म्हणत नाही. पोरं ओठांवर बोट ठेवून बसतात, बाई फळ्यावर लिहितात आणि त्यांच्या खडूची करकर मला भिंतीपलीकडे तिसरीच्या वर्गात ऐकू येते. तिसरी माझ्याकडे आहे. मधली भिंत इतकी पातळ आहे की दुसरीतलं पोर शिंकलं की तिसरीतलं पोर नाक पुसतं. त्या भिंतीपलीकडे वीस वर्षं कुंदा वासनिक बाई होत्या, आणि वीस वर्षांत खडूला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

कुंदाताईंच्या वर्गाचा गलका कसा होता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. सकाळी साडेसातला घंटा व्हायची, प्रार्थना व्हायची, आणि मग दहा मिनिटं त्या वर्गातून असा काही आवाज उठायचा की वैशाली नगरची कबुतरं उडून सुपेल्याच्या चौकात जाऊन बसत, आणि सुपेल्याची कबुतरं, जागा गेली म्हणून, दुर्गच्या दिशेने निघत. चौकातल्या जिलेबीवाल्याचा हात हलून जिलेबीची इमरती होई. एकदा तर शाळेच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं. हेडमास्तर म्हणतात माकडांनी उडवलं. पण हेडमास्तर त्या दिवशी रजेवर होते आणि मी हजर होतो.

बाई स्वतः मात्र अशा की त्या खोलीत आल्या हे खोलीलाही उशिरा कळावं. बुटक्या, काटक, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आवाज इतका बारीक की त्यांनी ‘जयभीम, भाऊ’ म्हटलं की आधी जोडलेले हात दिसत, शब्द मागाहून चालत येत. हसायच्या तेव्हा नुसते खांदे हलायचे, आवाज शून्य. पहिल्या वर्षी मला वाटलं बाईंना उचकी लागते. दोनदा धावत जाऊन पाणी आणून दिलं. त्या ते मुकाट्याने प्यायल्या आणि त्यांचे खांदे आणखी जोरात हलायला लागले.

त्याचं कारण त्यांनीच एकदा डबा खाताना सांगितलं. त्यांचे वडील भंडारा जिल्ह्यातून एक पत्र्याची पेटी घेऊन भिलाईला आले आणि स्टील प्लांटमध्ये भट्टीवर लागले. प्लांटच्या वसाहतीत, म्हणजे सेक्टरमध्ये, दोन खोल्यांचं क्वार्टर, चार लेकरं, आणि दर तिसऱ्या आठवड्याला वडिलांची नाइट शिफ्ट. वडील सकाळी येऊन झोपले की घरात कोणी चूं करायची नाही. आई हातात चिमटा घेऊन कुकरपुढे उभी राही आणि शिट्टी वाजायच्या आत ती उचलून धरी. पापड आधी वरणात बुडवायचा, मऊ पडला की खायचा.

“आमी चौघं भावंडं भांडत बी होतो तं मुक्यानंच,” त्या म्हणाल्या. “माह्या मोठ्या भावाचा लहानपणचा आवाज मले आठवतच नाई, भाऊ. नुसते हात आठवते.”

“मग तुम्ही वर्गात एवढा कल्ला कावून करू देता?” मी विचारलं.

“मले सांगा, लेकराचा आवाज कुठी जाते? पोटात साचते. रोज काढा लागते तो बाहेर. नाई काढला तं गॅस होते त्याचा.”

यावर त्यांचे खांदे हलले. मी पाणी दिलं नाही.

तर तो आवाज बाहेर काढण्यासाठी त्यांनी एक कारखानाच काढला होता. वर्गातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून त्यांनी काळा रंग दिला होता. त्यावर सगळ्या पोरांची नावं आणि प्रत्येकापुढे खडूने एक अक्षर. फर्स्टला फ, सेकंडला से, नाइटला ना, जनरलला ज. पोरांच्या बापांच्या शिफ्ट. आठवड्याला शिफ्ट बदले, म्हणून रविवारी संध्याकाळी आया त्यांना मोबाईलवर कळवत, ‘मैडम जी, इनका नाइट लगा है’. सोमवारी सकाळी बाई आधी कपाट उघडत, मग हजेरी. प्लांटच्या मोठ्या साहेबांना आपली माणसं कुठल्या शिफ्टला आहेत हे ठाऊक नसेल, पण दुसरीच्या कपाटाला ठाऊक असे.

“नाइटवाले, खड़े हो जाओ,” बाई हळूच म्हणत. ज्यांचे बाप त्या क्षणी घरी झोपलेले, ती पोरं उभी राहत आणि पाढे सुरू होत. दोन एके दोनपासून दहा दाहे शंभरपर्यंत, फुप्फुसं फाटेस्तोवर. बाकीचे नंतर सूर मिसळत. जनरलवाल्यांना मात्र यात मान नव्हता. “त्याइच्या घरी दिवसभर टीवी चालते, त्याइले काय गरज?” एका क्लार्कच्या मुलाने यावरून घरी जेवण सोडलं. शेवटी ते गृहस्थ स्वतः स्कूटरवर आले, हेल्मेट काखेत धरून उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मैडम, हमको भी हफ़्ते में एक दिन नाइट में लिख दीजिए.” बाईंनी लिहिलं. त्या दिवसापासून ते दर बुधवारी दुपारी घरी येऊन खरंच झोपत असं ऐकतो. मी पाहायला गेलो नव्हतो.

एकदा शाळा संकुलाचे साहेब तपासणीला आले, नेमके त्या दहा मिनिटांत. कानात बोट घालून दारात उभे राहिले. म्हणाले, “ये क्या हो रहा है?”

“सर, ये घर का बचा हुआ आवाज़ है,” बाई म्हणाल्या. “यहाँ जमा करते हैं.”

साहेबांनी बराच विचार केला आणि शेरेबुकात लिहिलं, ‘प्रकट वाचन उत्तम.’

दुसरीच्या पुस्तकात घड्याळाचा धडा दिवाळीच्या आधी येतो. दसऱ्याला कुंदाताई नागपूरला जाऊन येत, आल्या की धड्याला हात घालत. त्यांच्या शेवटच्या वर्षी मैदानावर सकाळी दव पडायला लागलं होतं आणि सुपेल्याच्या गल्ल्यांमधून पोरी दिवाळीतल्या सुवा नाचाच्या टाळ्या घटवत होत्या. बाईंनी पुठ्ठ्याचं घड्याळ वर धरलं आणि विचारलं, यात आकडे किती?

टिकेश्वरी साहू नावाची एक मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, पुढचे दोन दात गेलेले. सगळे तिला टिकू म्हणत. तिने हात वर केला. “तीन, मैडम जी. छै, दो अउ दस.”

सगळा वर्ग ‘बरोबर’ म्हणाला. बाप सहाला जातो नाहीतर येतो, दोनला जातो नाहीतर येतो, दहाला जातो नाहीतर येतो. मधल्या आकड्यांचं घरात कुणालाच काम नव्हतं.

बाईंनी तिला चूक म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “सही. वो तीन पापा के. बाकी नौ तेरे.”

मग त्या नऊ आकड्यांसाठी त्यांनी खेळ काढला. दुपारी घरी पापा झोपलेले असताना घड्याळासमोर बसायचं. छोटा काटा एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर जाईपर्यंत आवाज न करता राहिलं तर एक चिंचोका खिशात टाकायचा. एका चिंचोक्याला दुसऱ्या दिवशी वर्गात एक मिनिट एकट्याने ओरडायला मिळेल. घड्याळही आलं, मोजणीही आली, बापाची झोपही झाली. मला तो खेळ इतका आवडला की तिसरीतही सुरू करावा असं वाटलं. आठवडाभरात सुपेल्यातल्या सगळ्या चिंचेच्या झाडांखालची जमीन झाडून काढल्यासारखी झाली. पोरं ताटातल्या आमटीत चिंचोके शोधायला लागली. टिकू पहिली. एका दिवसात तिने चार आणले होते.

तिच्या वडिलांची त्या आठवड्यात नाइट होती. कपाटावर तिच्या नावापुढे ‘ना’ होतं.

गुरुवारी ते सकाळी पावणेसातला घरी आले. रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात खाल्ला, त्याला इकडे बासी म्हणतात, आणि खाटेवर आडवे झाले. टिकू शाळेत आली. तिची आई देवकी जवळच्या स्मृति नगरात चार घरी स्वयंपाक करायची, ती कामाला गेली. एक वाजता टिकू घरी परतली. पापा झोपले होते. तिने चपला बाहेर काढल्या, ताटलीवरचं झाकण दोन्ही हातांनी उचललं, जेवली, आणि घड्याळासमोर बसली. दोनला एक चिंचोका. तीनला दुसरा. चारला तिसरा. पाचला चौथा. साडेपाचला आईने त्यांना उठवायला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. सकाळी आठच्या सुमारास, झोपेतच गेले असणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिक्षक मंडळी जाऊन आलो. परत आल्यावर कुंदाताई डबा उघडून बसल्या आणि तो तसाच बंद केला.

“ताई, डॉक्टर म्हणाले ना,” मी म्हटलं. “आठलाच गेले. पोरीनं हाका मारल्या असत्या तरी काय होणार होतं?”

“आठ म्हनते. तो काय घड्याळ लावून बसला होता तिथी?”

“तसं त्यांना कळतं.”

“बरं, आठच धरा,” त्या म्हणाल्या. “आठले टिकू माह्या वर्गात कोकलून राहिली होती. आदल्या दिवशीच्या चार चिंचोक्यांची.” त्यांनी डबा पिशवीत टाकला. “अन् नसन आठ, दोन असन, तं मग? एक पोट्टी हाकेवर बसून होती, भाऊ. तिले गप बसायले मी शिकवलं.”

मी त्यांच्या बाटलीचं झाकण लावून दिलं.

रविवारी आयांचे निरोप आले. सोमवारी बाईंनी कपाट उघडलं, सगळ्यांची अक्षरं बदलली. टिकूच्या नावापुढचं ‘ना’ मात्र तसंच राहिलं. पुसावं तर काय लिहायचं, आणि ठेवावं तर कसं. आठवडाभर ते तसंच होतं. पोरं पाढे म्हणत होती, पण कबुतरं जागची हलत नव्हती. मला माझाच आवाज माझ्या वर्गात ऐकू यायला लागला. पोरांनाही तो पहिल्यांदाच नीट ऐकू आला. त्यांना आवडला नाही.

दशगात्र, म्हणजे दहाव्याचं कार्य, झालं आणि टिकू शाळेत आली. मी त्या वेळी रजिस्टर द्यायला दुसरीच्या दारात उभा होतो. ती सरळ बाईंच्या टेबलाशी गेली आणि फ्रॉकच्या खिशातून मूठ काढून उघडली. चार चिंचोके अख्खे, आणि एक अर्धा. तो अर्धा तिने दगडावर घासून घासून मधोमध केला होता.

“साढ़े चार हुए, मैडम जी,” ती म्हणाली. “मम्मी साढ़े पाँच बजे चिल्लाई.”

बाईंनी चिंचोके हातात घेतले. मोजले. अर्ध्याला अर्ध्याच्या जागी ठेवलं. दुसरीत अर्धा शिकवायचा तो धडा अजून व्हायचा होता, तो हिला आधीच आला होता.

“सही है,” बाई म्हणाल्या.

टिकू उभी राहिली आणि ओरडली. सातचा पाढा, मग आठचा, मग पुन्हा सातचा, मग कुठलाच नाही, नुसता आवाज. साडेचार मिनिटं. भिंतीपलीकडे माझी सगळी तिसरी लिहायची थांबली. मग तिने घाम पुसला, नळावर जाऊन पाणी प्यायली, मैत्रिणीशेजारी जाऊन बसली आणि तिचं खोडरबर घेतलं. पोरगी चारचौघींसारखी झाली होती. कुंदाताई चिंचोके हातात धरून उभ्या होत्या. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं, त्यांनी सही केली. सही चुकीच्या रकान्यात पडली.

त्या दुपारी त्यांनी कपाटाचं दार ओल्या फडक्याने पुसून काढलं. पुन्हा त्यावर काही लिहिलं नाही.

आता त्यांना एकच काम उरलं होतं. देवकीला सांगायचं. खेळ आपला होता, पोरगी आपल्यामुळे गप्प बसली, हे तिच्या तोंडावर सांगायचं. मी हजार वेळा म्हटलं, कशाला सांगता? तिला माहीतही नसेल. जखमेवर कशाला हात फिरवता? त्या ऐकून घेत आणि संध्याकाळी जात. तीनदा गेल्या. एकदा गल्लीच्या तोंडापासून परत. एकदा दारापासून. एकदा आत जाऊन, चहा पिऊन, टिकूच्या अक्षराचं कौतुक करून परत.

चौथ्या वेळी मला म्हणाल्या, “तुमी चला सोबत. तुमी असले म्हंजे मले पळता येनार नाई.”

मी स्कूटर काढली. सुपेल्याच्या मागच्या गल्लीत एक खोली, पुढे पत्र्याचा ओसरा. शनिवारची दुपार. टिकू शेजारी खेळायला गेलेली. देवकीने आम्हाला खाटेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसली. ती खाट तीच होती. दुसरी नव्हती.

कुंदाताई खाटेवरून उठल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. “देवकी, मैंने सिखाया था उसको,” त्या म्हणाल्या. “चुप रहना. खेल बनाया था मैंने. जितनी देर चुप रहेगी, उतने चिंचोके. इसलिए उसने नहीं उठाया.”

देवकी पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. बराच वेळ गुंडाळला आणि सोडला.

“मैडम, मैं साढ़े चार बजे आ गई थी,” ती म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्याकडे पाहायला लागलो.

“रोज आती हूँ तो लड़की हल्ला करती रहती है. रोज मारती हूँ. उस दिन घर में इतनी शांति थी. मेरे को अच्छा लगा. सोचा, लड़की सयानी हो गई. मैं भी चुपचाप बैठ गई. चाय बनाई, कप नहीं बजने दिया. पैर सीधे किए.” तिने बोटाने जमिनीवर जागा दाखवली. “यहीं. एक घंटा.”

कुणी रडलं नाही. माफ करावं असं कुणी कुणाचं काही केलं नव्हतं, त्यामुळे माफीही करता येईना. दोघी जणी जमिनीवरच्या त्या जागेकडे बघत बसल्या, जणू तिथून आणखी कुणी काही बोलणार आहे. मी खाटेवरून उठून ओसऱ्यात उभा राहिलो.

मग देवकीच बोलली. स्वयंपाकाच्या कामांत भागेना, म्हणून तिने एका नर्सिंग होममध्ये रात्रीची आयाची नोकरी धरली होती. रात्री पोरगी शेजारच्या काकीकडे झोपे. सकाळी देवकी दोन घरचा स्वयंपाक उरके आणि दुपारी दोनला झोपे. झोपायचा प्रयत्न करी.

“ये सोने नहीं देती, मैडम. आँख लगी कि हिलाती है. मम्मी, उठ. मैं बोलती हूँ, जिंदा हूँ रे. फिर पाँच मिनट में हिलाती है. मारा भी. मार खा लेती है, फिर हिलाती है. कल रात ड्यूटी पर खड़े खड़े सो गई मैं. सिस्टर बोली, एक बार और हुआ तो मत आना.”

“दोन बजे सोती हो?” कुंदाताईंनी विचारलं. मराठी-हिंदी एक झालं होतं.

“हाँ. छै बजे तक मिल जाए तो बहुत है.”

“ठीक,” बाई म्हणाल्या. उठल्या, साडी झटकली. स्कूटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी त्या रिटायर झाल्या. शाल, नारळ, हेडमास्तरांचं भाषण. भाषण इतकं लांबलं की नारळाला कोंब फुटला. बाई उत्तरादाखल दोन वाक्यं बोलल्या, ती पहिल्या रांगेलाही ऐकू आली नाहीत, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात त्या लेकीकडे नागपूरला राहायला गेल्या, तेव्हा मी गावाला होतो. त्यामुळे माझं त्यांना शेवटचं पाहणं डिसेंबरातलं.

माझ्या स्कूटरचं चाक सुपेल्यात पंक्चर झालं. पंक्चरवाला त्याच गल्लीच्या तोंडाशी बसतो. दुपारचे तीन वाजले असतील. देवकीचं दार उघडं होतं आणि ऊन आत खाटेपर्यंत गेलं होतं. देवकी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, पाय जवळ घेऊन. खाटेशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर कुंदाताई बसल्या होत्या. उंबऱ्यात पोत्यावर टिकू वही घेऊन बसली होती.

ती दोन ओळी लिही आणि मान वर करी. “मैडम जी?”

कुंदाताई हात पुढे करून बोटं देवकीच्या नाकाखाली धरत. थांबत. मग म्हणत, “चल रही है.”

टिकू पुन्हा लिहायला लागे. थोड्या वेळाने पुन्हा मान वर. “मैडम जी?” पुन्हा हात, पुन्हा थांबणं, पुन्हा “चल रही है.”

मी हाक मारली नाही. पंक्चरवाल्याने चाक बसवलं, हात पुसले, मला “साहब, हो गया” म्हणाला. मी स्कूटर वळवली तेव्हा पोरीने पुन्हा वर पाहिलं. बाईंचा हात या वेळी आधीच तिथे होता.